काढून घेतलेला अधिकार

१

२०१९ साल. त्या वर्षी दसरा मंगळवारी आला आणि गुरुवारी सकाळी केशवराव बक्षी गेले. चहाचा रिकामा कप त्यांनी पत्नीच्या, राधाबाईंच्या हातात दिला, "जरा पडतो" म्हणाले आणि पडले ते उठले नाहीत. वय ब्याऐंशी, मूत्रपिंडं दुबळी, हृदयाच्या गोळ्या चालू. झाशीतल्या मराठी घरांत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. लग्नाला, बारशाला आणि स्मशानात सगळीकडे तेच तेच चेहरे दिसावेत इतकीच ती घरं उरली होती. ती सगळी गोळा झाली, हळहळली आणि परतली.

नवल वाटलं ते एकट्या ऋताला. सीपरी बाजारातल्या डॉ. नीलकंठ पागनीसांच्या पॅथॉलॉजीत ती मुख्य तंत्रज्ञ होती. बुधवारी सकाळी केशवरावांच्या घरी जाऊन तिनंच त्यांचं रक्त घेतलं होतं. मूठ आवळा म्हटलं तर त्यांना आवळता येईना, हे तिच्या मनातून जात नव्हतं. शुक्रवारी कामावर आल्याबरोबर तिनं रक्त तपासणाऱ्या यंत्रातले जुने आकडे उघडले. केशवरावांचं पोटॅशियम तिथं होतं सात पूर्णांक दोन. त्यांच्या घरी गेलेल्या रिपोर्टवर छापलं होतं चार पूर्णांक दोन.

सात पूर्णांक दोन म्हणजे हृदय केव्हाही थांबेल असा आकडा. तो रिपोर्टवर आला असता तर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी त्यांना भरती करून घेतलं असतं. चार पूर्णांक दोन पाहून ते म्हणाले, सगळं ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा.

मधे कुणीतरी आकडा बदलला होता. ऋता धावत डॉक्टर पागनीसांकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत गुन्हेगार म्हणून तिचंच नाव ठरलं होतं.

२

ऋता मऊरानीपुरच्या शाळामास्तरांची मुलगी. झाशीत ती अरुंधतीबाई देवधरांच्या माडीवर भाड्यानं राहायची. अरुंधतीबाई ऐन तरुणपणी सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात आल्या, त्या संगणक विभागातून निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही इथंच राहिल्या. कारखान्यातली माहिती कुणी नुसती पाहायची, कुणी बदलायची आणि कुणी त्या वाटेलाही जायचं नाही, हे ठरवणं आणि ठरल्याप्रमाणं चालतंय की नाही हे तपासणं, यात त्यांची नोकरी सरली. त्यामुळे बाईंचे मित्र थोडेच झाले.

शुक्रवारी रात्री ऋता त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. रडत नव्हती. त्याचं बाईंना जास्त वाईट वाटलं.

राधाबाईंच्या मुलानं पोलिसांत अर्ज दिला होता आणि आकडा कुणी बदलला त्याचं नाव डॉक्टरांनी सोमवारी पोलिसांना लिहून द्यायचं होतं. ते नाव ऋताचं असणार होतं. नोकरी जाणार हे उघडच होतं. पण एका माणसाच्या मरणाला ही कारण झाली, हा शिक्का घेऊन ती पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेचं दार ठोठावणार होती?

"मावशी, मी नाही केलं."

"केलं असतंस तर यंत्र उघडून पाहायला गेली नसतीस," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण हे मला कळून उपयोग नाही. तुझ्याकडेच बोट का दाखवतात ते सांग."

ऋतानं सांगितलं. बोट दाखवण्याचं कारण पक्कं होतं. बुधवारी त्या इमारतीत आकडा बदलण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हताच.

३

शनिवारी अरुंधतीबाई पॅथॉलॉजीत गेल्या. डॉक्टर त्यांना ताई म्हणत; दर दसऱ्याला त्या त्यांच्याकडे सोनं द्यायला जात. पागनीसांचे पूर्वज घोडदळाच्या पागेचे लेखनिक होते आणि त्यांची एक तलवार अजून घरात होती. डॉक्टर खुर्चीत खचून बसले होते.

त्यांनी सगळी हकिगत सांगितली. टहरौली आणि मऊरानीपुरकडून रक्ताचे नमुने बसनं येतात. रस्त्याच्या धक्क्यांनी नळीतल्या रक्तपेशी फुटतात आणि मग पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. अशा वेळी माणसाला बोलावून पुन्हा रक्त घ्यायचं, हा नियम. पण डॉक्टरांचा भाचा जयदीप, जो सगळा कारभार पाहायचा, तो कंटाळा करायचा. "बस का सैंपल है" म्हणायचा आणि संगणकावर बसून आकडा खाली आणायचा. नवरात्रात ऋतानं हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. अष्टमीच्या संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतःच्या संगणकावरून जयदीपचा आकडे बदलण्याचा अधिकार काढून घेतला आणि त्याला तसं सांगितलंही.

"आई गेलेलं पोर, ताई. मीच वाढवलंय. जिवावर आलं, पण काढला." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मग अधिकार उरला दोघांना. मला आणि ऋताला. बुधवारी मी दिवसभर दतियाला होतो, देवीच्या दर्शनाला. आता तुम्हीच सांगा, राहिलं कोण?"

"कुणी बदलला ते प्रोग्रॅममध्ये नोंदलेलं नसतं?"

तीच तर अडचण होती. आकडा बुधवारी दुपारी बदलला गेला एवढंच तिथं दिसत होतं. कुणी बदलला, त्यापुढे नुसतं 'लॅब' असं लिहिलेलं होतं. प्रत्येक फेरफारापुढे तेच होतं.

बाई उठल्या. दारापर्यंत जाऊन त्यांनी विचारलं, जयदीपचा अधिकार खरंच गेला आहे याची खात्री कुणी केली? डॉक्टर म्हणाले, काल सगळ्यांसमोर केली. जयदीपनं आपलं नाव आणि पासवर्ड घालून प्रोग्रॅम उघडला. बदलायचं बटण फिकट होतं. दाबून काही होत नव्हतं.

४

रक्त गोळा करणारा आणि नळ्या लावून ठेवणारा देवेंद्र बाहेरच्या बाकावर बसला होता. तो इथल्याच मातीतला, बुंदेली बोलणारा, आणि घाबरलेला. ऋताचा पासवर्ड त्याला ठाऊक असेल अशी कुजबुज चालली होती. बाईंनी सरळ विचारलं.

"हमें का पता मैडमजी. हम तो कंप्यूटर खाँ हाथ नईं लगात." मग त्याला काही आठवलं. हात एकदाच लागला होता. बुधवारी सकाळी आल्यावर तिन्ही संगणकांवरची फुलं त्यानं काढली. खंडेनवमीला डॉक्टरांच्या तलवारीबरोबर संगणकही पूजेत बसतात. पूजेत बसवलेली वस्तू दसरा उलटेपर्यंत हलवायची नाही, विझवायची नाही, असा पागनीसांच्या घरचा कायदा. म्हणून अष्टमीला काम संपल्यावर संगणक जसे असतील तसे चालू ठेवायचे. दोन दिवस लॅब बंद असते, इन्व्हर्टर असतो, काही बिघडत नाही. फुलं काढताना माऊस हलला आणि पडदे आपोआप उजळले, एवढाच त्याचा हात लागला.

केशवरावांची नळी कुठं ठेवली होती, या प्रश्नावर तो ओशाळला. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर गर्दी फार होती. मऊरानीपुरच्या बसनं आलेल्या नळ्या टेबलावरच्या ज्या स्टँडमध्ये होत्या, त्यातच एक भोक रिकामं होतं. तिथं ठेवली.

जयदीप आत होता. तिशीचा, गोरा, हातात कडं. त्याला मराठी समजायचं सगळं. बोलताना मधेच हिंदीत घसरायचा. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि ऋताबद्दल वाईट बोलायचं टाळलं. चांगली मुलगी आहे, म्हणाला, थकली असेल, होतं माणसाकडून.

"तू स्वतः बुधवारी काही बदलायला गेला नव्हतास ना?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तो मोकळेपणानं हसला. "आपसे क्या छुपाना, मावशीजी. गेलो होतो. सवय झाली ना. दुपारी मऊरानीपुरचा एक नमुना उघडला, पण बटनच ग्रे होतं. तेव्हा आठवलं, मामांनी अधिकार काढलाय. गप सोडून दिलं. ऋता जागेवर नव्हती, नाहीतर तिला म्हणालो असतो."

बाईंनी चहा संपवला. जयदीप त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला आला आणि हळूच म्हणाला, ऋताला समजवा, कबूल केलं तर मामा तिला वाचवतील.

राहिला विक्रम. लॅबचा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. तो ग्वाल्हेरला असतो. बाईंनी घरी येऊन त्याला फोन लावला. ग्वाल्हेरला बसून डेटाबेसमध्ये हात घालू शकेल असा तोच एक होता, पण केशवराव बक्षी कोण हे त्याच्या गावीही नव्हतं. बोलताना मात्र तो खुलला. आपला प्रोग्रॅम किती जलद चालतो याचं त्याला फार कौतुक होतं. सगळ्यांच्या वतीनं प्रोग्रॅम एकाच नावानं डेटाबेसमध्ये शिरतो, लॅब या नावानं, आणि त्या नावाला सगळी मुभा आहे. कुणाला काय करू द्यायचं हे डेटाबेस बघत नाही, प्रोग्रॅम बघतो. उघडतानाच तो त्या माणसाचे अधिकार एकदा विचारून घेतो आणि त्याप्रमाणे बटणं चालू किंवा फिकट करून ठेवतो. घडीघडी सर्व्हरला त्रास नाही.

"मॅडम, इसीलिए तो फास्ट है," विक्रम म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला. त्यांना एक जुनी दुपार आठवत होती.

५

कारखान्यात संगणक नवे नवे आले, तेव्हाची गोष्ट. भांडाराचे एक बाबू बदलीवर निघाले होते. सकाळी अरुंधतीबाईंनी त्यांचा माल देण्याचा अधिकार काढला, कागदावर सही केली आणि निश्चिंत झाल्या. बाबू मात्र पडद्यासमोरून उठलेच नाहीत आणि दुपारपर्यंत माल देत राहिले. तेव्हाचे साहेब तिरसट होते, पण माणूस शहाणा. त्यांनी बाईंना बोलावून एवढंच सांगितलं, की ज्याचा अधिकार काढायचा त्याला आधी खुर्चीवरून उठवायचं. आत बसलेल्याला बाहेरच्या दाराचं कुलूप लागत नाही. ते दिवसही काय होते, चूक झाली की कुणीतरी चूक म्हणायचं.

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. राधाबाई यायला तयार नव्हत्या. बाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. विक्रम फोनवर होता.

अरुंधतीबाईंनी ऋताला तिच्या नावानं प्रोग्रॅम उघडायला लावला. बटण चालू होतं. मग विक्रमला सांगितलं, ऋताचा अधिकार काढा. विक्रम म्हणाला, काढला. यादीत पाहिलं, गेला होता. बाईंनी ऋताला एक खोटी नोंद उघडून आकडा बदलायला सांगितला.

बटण चालूच होतं. आकडा बदलला.

"आता बंद कर आणि पुन्हा उघड."

ऋतानं बंद केलं, पुन्हा पासवर्ड घालून उघडलं. बटण फिकट झालं.

"अष्टमीच्या संध्याकाळी अधिकार गेला," बाई म्हणाल्या. "जयदीपचा प्रोग्रॅम मात्र त्या दिवशी सकाळपासून उघडा होता आणि काम संपल्यावर तसाच ठेवला, कारण संगणक पूजेत बसायचा होता. बुधवारी देवेंद्रनं फुलं काढली, माऊस हलवला, आणि प्रोग्रॅम होता तिथून पुढं चालू झाला. त्या रात्री लॅब बंद होताना तो पहिल्यांदा बंद झाला. तोवर प्रोग्रॅमच्या लेखी जयदीपचा अधिकार शाबूत होता. शुक्रवारी सगळ्यांसमोर त्यानं नव्यानं उघडला, म्हणून बटण फिकट दिसलं."

जयदीप शांतपणे म्हणाला, "असेल. पण चालू असलं म्हणजे मी दाबलं असं होतं का, मावशीजी? ऋताचं पण चालू होतं."

"होतं. म्हणूनच मला कालचं तुझं बोलणं पुन्हा आठवावं लागलं. बुधवारी दुपारी तू नमुना उघडलास आणि बटण फिकट होतं, असं मला सांगितलंस. ते फिकट असूच शकत नव्हतं. तू खरंच नुसता पाहायला गेला असतास तर तुला आश्चर्य वाटलं असतं. म्हणाला असतास, मावशीजी, मामांनी अधिकार काढला म्हणतात पण बटण तर चालू होतं. तू पडद्यावर जे होतं ते नाही सांगितलंस, मामांच्या हुकुमाप्रमाणं जे असायला हवं होतं ते सांगितलंस."

बाई पुढे बोलल्या, आता त्यांचा आवाज थोडा खाली आला होता. "आणि हा आकडा बदलणाऱ्याला वाटलं की नळी बसनं आली. ती मऊरानीपुरच्या नळ्यांच्या स्टँडमध्ये होती ना. ऋतानं तर ते रक्त स्वतःच्या हातानं, दोन गल्ल्या पलीकडून आणलं होतं. तिला असं वाटणं शक्यच नव्हतं."

जयदीपनं मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीकडे पाहिलं.

"बस का समझा था," जयदीप म्हणाला. "नाव वाचलं नाही. नंबर पाहिला फक्त."

राधाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि जिना उतरून गेल्या.

६

बाकी सगळे गेल्यावर डॉक्टरांनी दार लोटलं. अरुंधतीबाईंना वाटलं होतं, ते आता पोलिसांना फोन लावतील, नाहीतर निदान ऋताला बोलावून चार शब्द बोलतील. डॉक्टर येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ताई, प्रोग्रॅमची चूक झाली असं लिहून देऊ या."

"प्रोग्रॅमनं आकडा नाही बदलला, नीलकंठ."

"अधिकार काढूनही बटण चालू राहिलं, ही चूक नाही? तुम्हीच आत्ता दाखवलीत. तेवढंच लिहू. ऋताचं नाव कुठंही येणार नाही, शब्द देतो. जयदीपचंही येणार नाही. प्रोग्रॅमला कुणी तुरुंगात टाकत नाही."

"आणि लोक काय समजतील? अधिकार होता ऋताला, चूक म्हणे प्रोग्रॅमची. म्हणजे तिला वाचवलं, हेच समजतील."

"लोक चार दिवस बोलतात." त्यांनी हात जोडले. "आपण इथं किती घरं उरलो, ताई? त्यातलं एक पोलिसांच्या दारात नेऊन उभं करायचं?"

"ऋता नाही का आपल्यातली?"

"आहे की," डॉक्टर म्हणाले. "पण ती मऊरानीपुरची."

अरुंधतीबाई तशाच उठल्या. घरी येऊन त्यांनी जे पाहिलं, जे ताडलं आणि जयदीप जे बोलला ते सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि सोमवारी सकाळी स्वतः कोतवालीत नेऊन दिलं. तिथल्या अधिकाऱ्यानं पोच दिली, पाणी दिलं, माताजी म्हणाला. दुपारी डॉक्टरांचं पत्र पोचलं. त्यावर जयदीप, देवेंद्र आणि विक्रम तिघांच्याही सह्या होत्या. रविवारी त्या खोलीत कुणी काही कबूल केल्याचं त्यात नव्हतं.

उरल्या राधाबाई. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. अरुंधतीबाई तेराव्यानंतर त्यांच्याकडे गेल्या आणि साक्ष द्याल का म्हणून विचारलं. राधाबाईंनी त्यांच्यापुढे लाडू ठेवला. म्हणाल्या, हे परत येणार आहेत का? मुलगा पुण्याला जाणार, मी इथं एकटी. रात्री-अपरात्री काही झालं तर नीलकंठच धावून येतो. मग त्यांनी खाऊन घ्या म्हणून आग्रह केला. बाईंनी लाडू खाल्ला.

चौकशी 'तांत्रिक दोष' असा शेरा मारून बंद झाली.

ऋताला कुणी काढलं नाही. पण बक्षींच्या शेजारणीनं तिच्याकडून रक्त घ्यायचं नाकारलं, मग आणखी एकीनं. दिवाळीनंतर तिनं आपणच नोकरी सोडली. झाशीत दुसऱ्या कुणी तिला घेतलं नाही. आता ती नाशिकच्या एका हॉस्पिटलात आहे. बसनं आलेला नमुना ती पुन्हा घ्यायला लावते, आणि तिथले लोक तिला खडूस म्हणतात. अरुंधतीबाईंना ती फोन करते. झाशीचं नाव काढत नाही.

विक्रमचा प्रोग्रॅम सदोष आहे ही बातमी ग्वाल्हेरपर्यंत गेली. त्याची तीन-चार गिऱ्हाइकं तुटली. आता त्याचा प्रोग्रॅम प्रत्येक बटणाला नव्यानं अधिकार विचारतो आणि हळू चालतो. देवेंद्र टहरौलीला परत गेला आणि सासऱ्याच्या औषधाच्या दुकानात बसतो. डॉक्टर नीलकंठ करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. अरुंधतीबाई तेव्हा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या.

पॅथॉलॉजी आता जयदीपच्या नावावर आहे. नवी पाटी लागली, एसी बसला, रिपोर्ट मोबाईलवर येतो. मराठी मंडळाचा तो कोषाध्यक्ष आहे आणि वडीलधाऱ्यांना पैसे लावत नाही.

राधाबाईंना गोड वर्ज्य झालं आहे. साखर अधूनमधून तपासावी लागते. ती त्या तिथंच तपासतात. जवळ पडतं, म्हणतात.